ओळंब्याचं पिनबॉल

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा खोलीत आला की मला नेहमी वाटायचं, चुकून दुसऱ्याच नाटकातलं पात्र आपल्या प्रवेशात शिरलंय. आमच्या घरातले सगळे हातवारे करणारे, एकमेकांची वाक्यं तोडणारे. आणि हे आपले खांबासारखे ताठ उभे, हात अंगाला चिकटलेले. विचारलं तर उत्तर, नाहीतर शांतता.

एकतीस वर्षं त्यांनी लिफ्ट बसवल्या आणि दुरुस्त केल्या. लिफ्टचे रूळ सरळ बसलेत की नाही हे पाहायला वरून दोरीला वजन बांधून सोडतात, तो ओळंबा. कामावरच्या लोकांनी यांचंच नाव ओळंबा ठेवलं होतं. मी तोंडावर ‘मेहुणे’ म्हणतो, बहीण ‘अहो’ म्हणते, आणि पाठीमागे आम्ही दोघंही ओळंबाच म्हणतो. त्यांना ते ठाऊक आहे. एकदा म्हणाले, “नाव चांगलं आहे. ओळंबा खोटं बोलत नाही.” त्या महिन्यातलं ते त्यांचं सर्वांत लांब भाषण.

निवृत्त झाले आणि दुसऱ्याच महिन्यात चार हमालांसह एक अवजड धूड घरी आणलं. एका जुन्या क्लबची इमारत पाडायची होती. तिथली लिफ्ट कायमची बंद करायला जुन्या ओळखीखातर हे गेले, तर तळघरात मोडक्या खुर्च्यांच्या ढिगाखाली पिनबॉलचं मशीन. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. काचेचं झाकण असलेली, पुढे उतरती, लांबट पेटी. स्प्रिंगचा दांडा ओढून सोडायचा, की पोलादी गोळी वर उडते, दिव्यांवर, घंट्यांवर, रबरी खुंट्यांवर आपटत खाली येते. खाली दोन पाती असतात. पेटीच्या दोन्ही बाजूंची बटणं दाबून ती पाती हलवायची आणि गोळीला पुन्हा वर हाणायचं. गोळी पात्यांच्या मधून निसटली की ती गेली. बस, एवढंच. पण या एवढ्याशा खेळापायी मी भले भले वाया गेलेले पाहिलेत.

चौदा महिने मेहुण्यांनी त्या धुडाची सेवा केली. गंज काढला, तारा बदलल्या, आकड्यांची चक्रं एकेक दात तपासून फिरती केली. पेटीवरचं चित्र, एक बाई वाघावर बसून चंद्राकडे निघालेली, इतक्या बारीक कुंचल्याने रंगवलं की वाघाच्या मिशाही मोजता याव्यात. मी म्हटलं, “मेहुणे, आमच्या नाटक कंपनीला तुम्ही असतात तर आमचे पडदे अजून टिकले असते.” ते म्हणाले, “पडद्यांना ओल लागते.” आणि पुन्हा मिशांकडे वळले.

आता बहिणीची बाजू. माझी बहीण शिवणकाम करते, आणि कसं करते ते या अंगाला विचारा. मी राजा झालो ते तिच्या अंगरख्यात, भिकारी झालो तेही तिने मन लावून फाडलेल्या सदऱ्यात. तीस वर्षं तिने झोपायच्या खोलीच्या एका कोपऱ्यात, कपाट आणि पलंग यांच्यामध्ये बसून शिवलं. आता स्वतःचा शिवणवर्ग काढायचं तिच्या मनात आलं होतं. आठ जणींनी नावं दिली होती. जागा एकच, पुढची खोली. आणि पुढच्या खोलीत वाघ.

“सोमवारी दहाला माझ्या आठ जणी येणार,” तिने नवऱ्याला सांगितलं. “तोवर हे गेलं तर आनंद आहे. नाही गेलं तर नऊला भंगारवाला येईल. मी त्याला सांगून ठेवलंय.”

मेहुणे म्हणाले, “ठीक.” आणि त्यांनी खरोखर जाहिरात दिली.

शुक्रवारी दुपारी बहिणीचा मला फोन. “दादा, तू येच. दोन गिऱ्हाईकं आली आणि दोन्ही पळाली.”

“का? किंमत जास्त सांगितली?”

“किमतीपर्यंत गाडी येतेय कुठे! पहिला हॉटेलवाला आला. चांगला हसतमुख माणूस. खेळायला लागला, जरा कंबरेचा धक्का दिला, की मशीन ठप्प. सगळे दिवे गेले. तो म्हणतो, बिघडलंय. आणि हे म्हणतात, बिघडलेलं नाही, तुम्ही हलवलंत.”

“मग?”

“मग त्याला भाषण! उभं कसं राहावं यावर! माझ्याशी तीस वर्षांत इतकं बोलले नाहीत. दुसरं एक जोडपं आलं. त्या मुलीने हसता हसता नुसता हात आपटला. पुन्हा ठप्प, पुन्हा भाषण. ती पोर मला म्हणाली, काकू, आम्ही जरा विचार करून सांगतो. असं म्हणणारं माणूस परत येतं का कधी?”

मी छत्री, चष्मा आणि आवाज घेऊन निघालो.

मेहुणे मशीनपुढे उभे राहून खेळत होते. तुम्ही ते पाहायला हवं होतं! मान ताठ, टाचा जुळलेल्या, फक्त दोन बोटं हलताहेत. गोळी बिचारी जिवाच्या आकांताने धावतेय आणि हे जणू राष्ट्रगीताला उभे. माझ्या डोक्यात तिथेच उजेड पडला.

“मेहुणे, हे हललं की बंद का पडतं?”

त्यांनी पुढचं छोटं दार उघडून दाखवलं. आत एक बारीक सळई लोंबत होती. तिला खाली निमुळतं होत गेलेलं गाजरासारखं एक वजन, आणि वजनाभोवती धातूची कडी. मशीनला धक्का बसला की वजन झुलतं, कडीला टेकतं आणि डाव संपतो. कोणी पेटी उचलून गोळीला पाहिजे तिकडे नेऊ नये म्हणून बनवणाऱ्यानेच केलेली ही सोय. फक्त मेहुण्यांनी वजन इतकं खाली आणलं होतं, की त्याच्या वरच्या जाड भागाच्या आणि कडीच्या मधून कागदही मुश्किलीने गेला असता.

“केसभर अंतर ठेवलंय,” ते अभिमानाने म्हणाले. “हललं की थांबलंच पाहिजे.”

“अहो, पण ही लिफ्ट नाही! यात माणसं नसतात! पिनबॉल हलवूनच खेळतात, जरासं, लाडात. त्यातच मजा आहे.”

“मग लोकांनी लिफ्टमध्येही उड्या माराव्यात.”

मी त्यांना आमच्या खलनायकाची गोष्ट सांगितली. दौऱ्यावर एका नाट्यगृहामागच्या कॅन्टीनमध्ये असंच मशीन होतं. आमचा खलनायक त्याला असा कंबरेने लाडीगोडी लावायचा, की गोळी खाली यायला तयारच नसे. एका प्रयोगाला तिसऱ्या अंकात त्याचा प्रवेश आला आणि गडी आलाच नाही. गोळी अजून वर होती ना! मी नायक. हातात तलवार. चार मिनिटं मी एका रिकाम्या खुर्चीला धमक्या दिल्या. टाळ्या पडल्या, पण माझं आयुष्य कमी झालं.

बहीण हसून हसून दाराच्या चौकटीला कपाळ टेकून उभी राहिली. मेहुण्यांनी शांतपणे विचारलं, “त्याला मशीन बंद पाडून बाहेर काढता आलं नाही कोणाला?”

मी हात टेकले. बहिणीने तात्काळ कामं वाटून दिली. “उद्या एक बाई येणार आहेत. बोलायचं दादाने. तुम्ही नुसतं उभं राहायचं. आणि ते वजन वर घ्या.”

“वजन वर घेणार नाही,” मेहुणे म्हणाले. “उभा राहीन.”

शनिवारी सकाळी दहाला बेल वाजली. बाई फिजिओथेरपिस्ट होत्या, हातांचे व्यायाम करून घेणाऱ्या. चपळ, ठेंगण्या, वायफळ गोष्टींना वेळ नसलेल्या. बरोबर त्यांचा एक पेशंट, बेकरीवाला, दाराएवढा रुंद. वर्षापूर्वी अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. डावा हात पोटाशी धरून तो हळूहळू आत आला.

“आमच्याकडे चेंडू दाबायला दिला की पेशंट पाचव्या मिनिटाला घड्याळ बघतात,” बाई म्हणाल्या. “म्हटलं, बोटं चालवायला काहीतरी असं द्यावं, की मीच म्हणायला पाहिजे, आता पुरे.”

मी पुढे सरसावलो. हात पसरले. “बाईसाहेब, आपण पाहत आहात ते मशीन नव्हे, एक युग...”

“पाती किती जोरात उडतात?” त्यांनी मेहुण्यांना विचारलं. “बटण दाबायला किती ताकद लागते?”

माझा प्रवेश तिथेच संपला. मेहुण्यांनी बहिणीकडे पाहिलं. ती म्हणाली, “सांगा आता.”

आणि मग काय सांगू तुम्हाला! जुने बल्ब तापून काचेखालचा रंग करपवत होते, म्हणून सगळीकडे एलईडी. पण पांढरे भगभगीत नाहीत, जुन्यासारखे पिवळसर. रबरं नवी, उसळी चांगली. बटणांच्या स्प्रिंगा हलक्या केलेल्या, कारण बोटं दुखायला नकोत. पाती उडवणारी विजेची कॉइल बदललेली. तिला खाली एक खटका, जोर कमी-जास्त करायला. आवाजाला बटण. आकड्यांची चक्रं मात्र जुनीच. “ती बदलून आकडे दाखवणारा पडदा लावता येतो,” मेहुणे म्हणाले, “पण चक्र फिरताना दिसतं. माणसाला कळतं, आपण केलं.” नाणं टाकायची फट बुजवली नव्हती, फक्त आतून तार जोडून बटणावर डाव सुरू होईल असं केलं होतं. बाई वाकून, गुडघ्यावर बसून एकेक गोष्ट बघत होत्या. दोघांची अशी गट्टी जमली की मी आणि बहीण प्रेक्षकांत.

“काका, या,” बाईंनी बेकरीवाल्याला बोलावलं.

त्याने उजव्या हाताने डावा हात उचलून बटणावर ठेवला. दांडा ओढला. गोळी उडाली, घंटा वाजल्या, आणि त्याचा सगळा चेहरा उजळला. गोळी डाव्या पात्याकडे आली. त्याची बोटं थरथरली, उशीर झाला असं वाटलं, आणि टक्! पातं उडालं. गोळी वर!

“अरे वा!” तो ओरडला, आणि आनंदाने त्याचा तोल जरा गेला. त्याने मशीनवर अंग टाकलं.

सगळे दिवे विझले.

बेकरीवाल्याने हात चटकन मागे घेतला आणि पुन्हा पोटाशी धरला. “माफ करा हां,” तो म्हणाला. “माझ्याच्याने मोडलं वाटतं. या हाताचं हल्ली असंच आहे.”

बहीण नवऱ्याकडे बघत होती. मनात म्हटलं, आता आलं भाषण, आणि सोमवारी नऊला भंगारवाला.

मेहुणे म्हणाले, “तुमच्यामुळे नाही. माझ्यामुळे.”

त्यांनी खिशातून पाना काढला आणि जमिनीवर मांडी घातली. छोटं दार उघडलं, नट ढिला केला आणि वजन वर सरकवलं. थोडं थांबले, बेकरीवाल्याच्या रुंदीकडे एक नजर टाकली, आणि आणखी वर सरकवलं.

“टेका,” ते उठून म्हणाले.

“नको हो.”

“टेका म्हणतो ना. पूर्ण अंग टाका. चार पायांवर दीडशे किलो पेलणारी लोखंडी पट्टी आहे, मी बसवलीय. ते तुम्हाला धरेल.”

बेकरीवाला टेकला. दिवे तसेच. त्याने कंबरेने जरासं ढकललं. दिवे तसेच. मग तो जो सुटला! बाईंना खरोखरच तीनदा म्हणावं लागलं, “काका, आता पुरे.” चौथ्यांदा मी म्हटलं, कारण मला नंबर हवा होता.

सौदा उभ्या उभ्या झाला. मेहुण्यांनी अशी किंमत सांगितली की बहिणीने डोळे मिटले. पण बाईंनीच वर थोडी भर घातली आणि वर्षभराची देखभाल मागून घेतली. रविवारी पाय सोडवून, काच ब्लँकेटमध्ये गुंडाळून मशीन निघालं. इमारतीच्या लिफ्टमधून नेताना मेहुण्यांनी हमालांना दोनदा बाहेर काढलं. वजन जास्त होत होतं.

सोमवारी दहाला आठ जणी आल्या. मी पेढीवरच्या शेटसारखा दाराशी बसून सगळ्यांचं स्वागत केलं. बहीण गळ्यात टेप टाकून खोलीच्या मधोमध उभी होती, जिथे चौदा महिने वाघ होता. कपाट नाही, पलंग नाही, दोन्ही बाजूंनी उजेड. पहिल्यांदाच तिला हात पूर्ण पसरून कापड धरता आलं, आणि तिने ते उगाचच दोनदा धरलं. मी पाहिलं.

मेहुणे स्वयंपाकघरात स्टुलावर ताठ बसून होते. हात रिकामे. साडेअकराला फोन वाजला. फिजिओथेरपिस्ट बाई होत्या, आणि मागे एवढा गोंधळ की त्यांचं बोलणं मलाही ऐकू येत होतं.

“अहो, तुम्ही ते वजन फारच वर घेतलंय! आता काहीही केलं तरी थांबत नाही. दोन आजोबांनी मिळून मशीन भिंतीपर्यंत सरकवलंय. एकाला तर उजवा हात खांद्याच्या वर नेता येत नव्हता!”

“नेतायत?”

“नेतायत हो, पण माझी भिंत!”

मेहुणे उठले. पाना, स्क्रूड्रायव्हर, टॉर्च पिशवीत टाकले. दारात बहिणीने अडवलं. “अहो, पुन्हा केसभर करून येऊ नका.”

त्यांनी अंगठा आणि तर्जनी थोडी उघडून तिला अंतर दाखवलं. तिने बघितलं, जवळ जाऊन त्यांची दोन बोटं हाताने आणखी जरा फाकवली, आणि वर्गात परत गेली.

मेहुणे बोटं तशीच धरून जिना उतरले.