वीस सेकंदांचा दम

स्क्रू ड्रायव्हरचं टोक मशीनला आणि मूठ कानाला लावून मामा डोळे मिटायचे. मग आम्हाला दटावायचे, "गप ऱ्हा. बोलतंय." नाशिकच्या सातपूरमधल्या आमच्या कारखान्यात कुठलं बेअरिंग जाणार, हे त्यांना आठवडाभर आधी कळायचं. तुमच्या ओळखीतही असा एखादा कान असेल, पण मामांची तऱ्हाच वेगळी. चांदवडकडचा माणूस, तीस वर्षं लोखंड कातायच्या लेथवर उभा; सगळा कारखाना त्यांना मामाच म्हणायचा.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस जर्मनीहून कॉम्प्युटरवर चालणारी लेथ आली. ती बसवायला आलेला गोरा इंजिनिअर कौतुकाने सांगत होता, की त्याच्या गावचा अख्खा कारखाना आता दोन माणसं चालवतात. मी ते मराठीत सांगितलं. मामांनी विचारलं, "मंग बाकीची कुठं गेली?" गोऱ्याने हसत मशीनकडे बोट दाखवलं. आम्हीही हसलो. मामा काही हसले नाहीत.

मामांचं काम त्या मशीनमध्ये उतरवायची जबाबदारी माझ्याकडे आली. ते जमलं की मामा घरी, हे मला ठाऊक होतं आणि त्यांनाही. तरी हातचं काही राखलं नाही हो त्या माणसाने. "लिहा साहेब. शेवटच्या कटाआधी वीस सेकंद थांबायचं. लोखंडालाबी दम लागतो." मी तेही प्रोग्रॅममध्ये लिहिलं.

नव्या मशीनवर पहिला शाफ्ट फिरायला लागला. मामांनी कान लावला आणि झटक्यात मागे सरले. "साहेब," ते हळूच म्हणाले, "आत मी हाय."

महिन्याभरात ते घरी बसले. एकदा दुपारी मी भेटायला गेलो. मामा खाटेवर डोळे मिटून पडलेले आणि उजवा हात हवेत चाक फिरवत होता. मध्येच थांबला. मी घड्याळ पाहिलं. बरोबर वीस सेकंद! मामी पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "शिफ्ट सुरू झाली का असंच चालतं. सुट्टीच्या दिवशी नाय."

पुढे नवे साहेब आले. "मशीन उगाच का थांबतंय? काढा ते," त्यांनी फर्मावलं. मी एक ओळ खोडली. संध्याकाळी राहवेना, म्हणून मामांकडे गेलो. हात थांबतच नव्हता. सदरा घामाने चिंब.

"साहेब, दम घ्यायला मिळंना. तुमी काय बदललं का तिथं?"

"नाही हो मामा." नोकरीची भीती, दुसरं काय!

"मंग माझंच वय झालं," ते म्हणाले. केवढा विश्वास होता माझ्यावर.

ओळ परत टाकायची म्हणून दुसऱ्या दिवशी पहिल्याच शिफ्टला पोचलो, तर गेटवर वॉचमनने सांगितलं, मामा पहाटे गेले. तरी मी आत गेलो, ओळ लिहिली आणि मशीन चालू केलं. शेवटच्या कटापाशी ते थांबलं.

"मामा, ती मीच काढली होती," मी मोठ्याने म्हणालो. आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. वीस सेकंद संपले आणि मशीन पुन्हा चालू झालं.