छातीतलं कातडं
२०१९ साली मी एकोणसत्तर वर्षांचा होतो. भिजल्या कातड्याचा वास आला की तेव्हाचं आठवतं. हृदयाची झडप बदलली नाही तर दिवाळी दिसणार नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. मी दवाखान्यात पडून आठ दिवस सही अडवून ठेवली. शेवटी त्या म्हणाल्या, "आजोबा, नवी झडप जनावराच्या पातळ पडद्याची असते." मी खाटेवर ताठ बसलो. "अहो, मग आधी दाखवा. बुधवार पेठेत जन्मभर तबले मढवलेत मी." लेक पुटपुटली, "बाबा, आता त्यांनाही कातडं शिकवा." बाईंनी खरंच नमुना आणला. मी अंगठ्यानं चोळून पाहिला. पातळ, चिवट, कुठे गाठ नाही. असा माल मला दुकानात कधी मिळाला नव्हता. तिथंच सही ठोकली. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशनला न्यायला आले, तेव्हा मी आंघोळ करून वॉर्डाच्या दारात उभा होतो.