आप्पांनी मांडलेला दुसरा घास

वस्तरा गळ्याशी असताना आप्पा प्रश्न विचारायचे. चाकूर तालुक्यातल्या आमच्या गावात केस-दाढी करणारे ते एकटेच, त्यामुळे प्रश्न चुकवायची सोय नव्हती. गिऱ्हाईक म्हणालं, "आप्पा, औंदा देवाचा कोप हाय," की वस्तरा थांबायचा.

"तुमी पाहिलं का ऐकलं?"

"ऐकलं."

"मग ऐकलं म्हना." आणि वस्तरा पुन्हा चालू. अर्धा गाल फेसात असलेला माणूस वाद घालत नाही.

ते नास्तिक होते, असं कोणी समजू नये. दुकान उघडलं की मारुतीच्या दिशेनं हात जोडायचे, दसऱ्याला वस्तऱ्याला हळदकुंकू लावायचे. शाळा चौथीपर्यंत. विज्ञान हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. पण प्रत्येक दहाव्याला मुलाचं मुंडण करायला ते ओढ्याकाठी असायचे. पिंड मांडला की बाकीचे लोक गेलेल्याच्या इच्छा आठवायचे. आप्पा कावळ्यांकडं बघत बसायचे. कावळा पिंडाला शिवला तर इच्छा पुरी झाली, नाही शिवला तर काहीतरी राहिलं, असं गाव मानतं. आप्पांचं म्हणणं साधं होतं. "कावळा मानसाला भितो. ऊन चढलं की झाडात बसतो. आन् पोट भरलेलं असलं तर ढुंकून बघत न्हाई."

माझा दहावीचा निकाल लागला आणि आठवड्यात बाबा गेले. लातूरच्या अकरावी विज्ञानाचा फॉर्म त्यांनीच आणून ठेवला होता. दहाव्याला माझ्या धाकट्या भावाचं मुंडण झालं, गुरुजींनी पिंड मांडला. कावळे समोरच्या कडुलिंबावर बसून राहिले. अर्धा तास गेला. माणसं पिंडाभोवती गर्दी करून वचनं देऊ लागली. "बायकोला सांभाळू." "पोराला शिकवू." एकही कावळा हलेना.

मग थोरले काका पुढं झाले आणि हात जोडून मोठ्यानं म्हणाले, "पोरीचं लगीन ह्याच साली करून टाकतो. काळजी करू नको."

उन्हाला कंटाळलेली माणसं तोवर बाभळीखाली सरकली होती. काकाही वळले. कावळा उतरला आणि पिंडाला चोच लावून गेला.

"शिवला! शिवला!" एकच गलका झाला. काका आईकडं बघून म्हणाले, "बघितलंस? त्याच्या मनात हेच होतं." बायकांमध्ये बसलेल्या आईनं पदर पुढं ओढला. मी फॉर्मचा विचार करत होते, आणि बाबांच्या दहाव्याला फॉर्मचा विचार करते म्हणून स्वतःची लाजही वाटत होती.

आप्पांनी वस्तरा पुसून पेटीत ठेवला. "मालक, जरा थांबा."

उरलेल्या भाताचा त्यांनी एक गोळा केला, पिंडापासून चार हात लांब पत्रावळीवर ठेवला आणि सगळ्यांना बाभळीपर्यंत मागं हटवलं. मग खणखणीत आवाजात म्हणाले, "पोरीचं लगीन करत न्हाई! लातूरला शिकायला धाडतो!"

दोन कावळे उतरले.

कोणीतरी खुदकन हसलं. काका लाल झाले. "आप्पा, तू धर्माची टिंगल करायलास!"

"टिंगल न्हाई, मालक. हाव म्हनलं तरी खातंय, न्हाई म्हनलं तरी खातंय. आन् कावळा आलाच न्हाई तर गुरुजी दर्भाचा करतेत, त्यो बी चालतो. मग पोरीचा जन्म चोचीला कशाला टांगता?"

 दर्भाची काडी गुरुजींच्या हातात होतीच. आई उठली. "फॉर्म कपाटात हाय. उद्या लातूरला जाऊन भरू," ती म्हणाली. काकांसमोर तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

काका ते विसरले नाहीत. आमच्या भावकीतल्या दहाव्यांना चाकूरहून माणूस येऊ लागला. आप्पांची निम्मी गिऱ्हाइकं तुटली. मी माफी मागायला गेले तर म्हणाले, "जाऊ दे गं. दाढ्या वाढतेतच. रोज उठून चाकूरला कोन जातंय?" दिवाळीच्या आत बरेच परतले. काका परतले नाहीत.

मी लातूरला निघाले त्या सकाळी आप्पा फाट्यावर आले होते. मी विचारलं, "आप्पा, कावळ्याला काही कळत नाही. मग बाबा गेले कुठं?" इतकी वर्षं ओढ्याकाठी उभा राहिलेला माणूस काहीतरी सांगेल, असं वाटलं होतं.

"मला ठावं न्हाई, माय." बस दिसू लागली होती. "गुरुजीला ठावं न्हाई. तुझ्या काकाला तर मुळीच न्हाई. पुस्तकात गावलं तर मला सांग. न्हाई गावलं तर न्हाई म्हन. पर ठावं न्हाई म्हनून कुनाचं बी ऐकून घेऊ नको."

आज मी नांदेडला रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते. विज्ञानानं शरीर कसं थांबतं ते शिकवलं. तत्त्वज्ञानाची पुस्तकं सुट्टीत वाचली. प्रश्न नीट मांडायला त्यांचा उपयोग झाला. उत्तर कुठंच सापडलं नाही. दर उन्हाळ्यात मी आप्पांना तसंच सांगायचे आणि ते मान डोलवायचे. मी याद्यांवर चालणारी बाई. कामं झाली की खोडते. न सुटलेल्या प्रश्नांचीही एक यादी आहे, त्यात हा पहिला. तो खोडलेला नाही.

मागच्या पावसाळ्यात आप्पा गेले. ते मला लागलंय हे बघून तेव्हापासून ओळखीची माणसं, बाबांच्या वेळेसारखीच, पुन्हा उत्तरं घेऊन घरी येतात. कोणी स्वर्ग सांगतं, कोणी पुढचा जन्म, कोणी त्यासाठी करायचा विधी. मी त्यांना बसवते, चहा देते. मग सांगते, "मला माहीत नाही. आणि तुम्हालाही माहीत नाही." काही जण चहा अर्धा ठेवून जातात. जाऊ देत.