बँकेत जाताना घातलेलं सोनं

शैक्षणिक कर्जात अडकलेल्या लोकांबरोबर मी बँकेत जातो. वकील नाही, निवृत्त आहे, आणि वाक्य अर्धवट सोडत नाही, एवढीच पात्रता. बँकेची भीती मला त्यांच्याइतकीच वाटते.

वर्सोव्याची एक मासळीवाली मावशी एका सकाळी माझ्याबरोबर रिक्षात चढली. मुलीच्या इंजिनिअरिंगच्या कर्जावर तिचीही सही होती. मुलीला अजून नोकरी नव्हती, हप्ते थकले होते, आणि वसुलीवाल्याने फोनवर बजावलं होतं, "उद्या बाजारात येऊन तुझ्या मासळीच्या पाटीसमोर उभा राहतो." तो येऊ नये आणि थोडी मुदत मिळावी, एवढंच मागायला आम्ही निघालो होतो. मावशी मात्र गळाभर, हातभर सोनं घालून आली होती.

"मावशी, हे पिशवीत ठेवा."

"का? मी काय मयताला चाललेय?"

"पैसे नाहीत असं सांगायचंय आपल्याला."

"नाहीतच. म्हणून साहेबासमोर उघड्या गळ्यानं बसू?" मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू लय घाबरतोस रे."

खरंच होतं. हातातला अर्ज घामाने ओला झाला होता.

बँकेच्या भिंतीवरच्या जाहिरातीत पदवीची टोपी हवेत उडवणारी एक मुलगी हसत होती. तिचे हप्ते बहुधा सुरू झाले नव्हते. अधिकाऱ्याने अर्ज उघडलाच नाही, मावशीचा गळाच वाचून काढला.

"हे सगळं तुमचं, ताई?"

"माझं मंगळसूत्र तेवढं. हार जावेचा, पाटल्या वहिनीच्या. मोठ्या कामाला निघालं की आमच्यात एकमेकींचं घालतात."

"मग काळजी कसली?" तो प्रसन्नपणे म्हणाला. "सोनेतारणाची खिडकी शेजारीच आहे."

घरी पाठ केलेले मुद्दे मला एकही आठवेना. "साहेब, ते दुसऱ्यांचं आहे," माझा आवाज चिरका निघाला. "आधी अर्ज वाचा."

त्याने वाचला. उद्या बाजारात कोणी येणार नाही असं तो म्हणाला, लिहून मात्र दिलं नाही. मुदतीचं वरच्या साहेबांना विचारून कळवणार होता.

बाहेर पडताना मावशी त्या खिडकीपाशी थांबली. आतल्या तराजूकडे बघत राहिली. हाराभोवतीची तिची मूठ सुटत नव्हती.

"जावेचा हार आजच्या आज परत करते," ती म्हणाली. "घरात राहिला आणि परत फोन आला, तर..."

वाक्य तिने तिथेच सोडलं. मीही पूर्ण केलं नाही.