हललेला फोटो

बाबांना कंपवात झाला आणि आमच्या घरात माझ्या धाकट्या भावाचा भाव वधारला. पेज भरवायची मी, सदऱ्याची बटणं लावायची मी, धरून न्हाणीत न्यायची मी, आणि बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगणार काय, तर "माजो झील कंप्युटराक शिकयता!" झील म्हणजे मुलगा; मी चेडू, म्हणजे मुलगी, माझी गोष्टच नाही.

२००८च्या आसपासची गोष्ट. भाऊ पुण्याला संशोधन करत होता. धडधाकट माणसांच्या आणि कंपवाताच्या माणसांच्या मेंदूचे फोटो कंप्युटरला दाखवत राहायचं, म्हणजे दोन्हींतला फरक तो आपला आपण ओळखू लागतो. हात थरथरायच्या आधीच दुखणं ओळखता यावं, ही खटपट. काम चांगलंच होतं, नाही कोण म्हणतं? पण माझ्या पोटात दुखायचं, सरळ सांगते. मी गावच्या शाळेत मास्तरीण, लग्न केलं नाही, बाबांपाशी राहिले. राहिलेल्या माणसाचं कौतुक कोण करतो!

भावाला बाबांचाही फोटो हवा होता. एसटीने पुण्याला घेऊन गेले मीच. एमआरआय मशीनच्या खोलीपाशी पोचलो तर हा म्हणतो, "ताई, तुज्या हातात बांगड्या आसत. तू भायरच थांब." अरे मेल्या, बांगड्या काढता येतात की! पण तोवर दार लागलंसुद्धा. मी बाकावर बाबांच्या चपला सांभाळत बसले. बऱ्याच वेळाने भाऊ बाहेर आला. "बाबा हलले, फोटो बिघाडलो. परत काढलो," एवढंच म्हणाला.

दुसरा फोटो चांगला आला. त्याची काळी फिल्म बाबांनी घरी आणली आणि देवांच्या फळीवर ठेवायला लावली. माझ्या हातून! कोणी आलं की मीच ती काढून उजेडात धरायची. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

पुढे बाबांचा आवाज बसला. मालवणजवळच्या आमच्या गावात देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. ढोल थांबला की बाबा हात जोडून देवापुढे सगळ्यांसाठी मागणार, आणि माणसं "होय म्हाराजा" म्हणणार. त्या वर्षीच्या जत्रेत गाऱ्हाणं दुसऱ्याने घातलं. बाबा खुर्चीत बसून नुसते ओठ हलवत होते. ते बघून मला भडभडून आलं.

घरी येऊन मी बाबांना निजवलं आणि चहा टाकला. भाऊ जत्रेसाठी आलेला, तो माझ्यामागून स्वयंपाकघरात आला. "ताई, तुका एक सांगूचा रवला. पुण्यात बाबा कित्याक हलले, ठाव आसा? मशीनीची धडधड मधीच थांबता. बाबांक वाटला, ढोल थांबलो. तेनी गाऱ्हाणा घालूक सुरवात केल्यानी. आमका काचेपलीकडे माइकावरसून सगळा आयकाक येय."

"काय मागल्यानी?"

त्याने हात जोडले. मग बाबांच्याच चालीत म्हणाला, "बा देवा म्हाराजा, माजा चेडू माज्यासाठी घराक रवला. तां माजा सगळा करता. माजे हात गेले ते गेले, तेचे हात शाबूत ठेव रे म्हाराजा."

मी गॅस बंद केला. "आणि तुज्यासाठी काय मागल्यानी?"

"माजा नावच नाय," तो म्हणाला. चेहरा असा पडला होता त्याचा! म्हणून इतके दिवस बोलला नव्हता तर. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. बाहेरच्या खोलीत बाबा झोपले होते, त्यांना जाऊन उठवावं असं वाटलं.

"तो पयलो फोटो खंय आसा?" मी विचारलं.

"तो पुसून टाकलो गो. हललेलो फोटो ठेवन काय करतलो? कंप्युटर चुकीचा शिकता."

"मेल्या," मी म्हटलं आणि मला रडूच फुटलं, "तुका एवढे फोटो आसत. माजो तो एकच होतो."