चाचांच्या टेबलाचा चौथा पाय

शेडमधला भुसा रोज संध्याकाळी झाडला तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढाच जमतो. आमच्याकडच्या किश्शांचंही तसंच आहे. रेवस रस्त्यावर माझं छोटं वर्कशॉप आहे. मोडीत निघालेल्या होड्यांच्या सागवानातून आम्ही हातानं साइड टेबलं बनवतो. आम्ही म्हणजे उभं आयुष्य होड्या बांधलेले इब्राहिमचाचा, पॉलिश करणाऱ्या कोळीवाड्यातल्या मंदाताई आणि फोन उचलणारी मी. मैत्रिणी आल्या की चाचांचा एक किस्सा सांगून थांबायचं ठरवते, पण ते कधीच जमत नाही.

*

आमचं पहिलं टेबल अलिबागच्या एका बंगल्यात गेलं. संध्याकाळीच मालकांचा फोन आला. ग्लास ठेवला की आपोआप कडेला सरकतो, आतापर्यंत दोन फुटले.

जाऊन बघते तर टेबल मधे उंच आणि दोन्ही बाजूंना उतरतं! होडीचा डेक असाच असतो, लाट आली की पाणी वाहून जायला. चाचांना विचारलं तर त्यांना माझीच कीव आली.

"बाय, सपाट केला तर पानी साचंल ना."

दिवाणखान्यात पाणी कुठून येणार, असं मी म्हटलं. चाचांनी रंधा खाली ठेवून खरोखर विचार केला.

"दर्याचा काय सांगावं?"

*

त्यानंतर मी त्यांना सपाटी तपासायला पाणसळ आणून दिली, बुडबुड्याची, चांगली पितळी. होडीत कुठली वस्तू सपाट असते, असं म्हणून त्यांनी ती खिळ्याला टांगली. तीन वर्षं ती तिथंच होती. मंदाताई तिच्यावर पॉलिशची फडकी वाळत घालायच्या.

*

होडीत पाणी शिरू नये म्हणून सांध्यात सूत आणि राळ ठासतात, चाचांची ती सवय मात्र मी मोडली नाही. तेवढं घट्ट टेबल दुसरं कोण देणार? मुंबईच्या एका गृहस्थांनी फोनवर गॅरंटी विचारली. मी हिशोबात अडकले होते म्हणून फोन चाचांकडे दिला.

"बुडनार न्हाय," चाचा म्हणाले आणि फोन मला परत दिला.

त्या गृहस्थांनी दोन टेबलं घेतली.

*

टेबल गाडीत चढवण्याआधी मंदाताई त्याच्यापुढे नारळ फोडतात, नवी होडी पाण्यात ढकलताना फोडतात तसाच. चाचा टेबलावर हात ठेवून बिस्मिल्ला म्हणतात. एकदा घाईत मी टेबल तसंच पाठवलं, तर दोघं दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

*

हे सगळं हसण्यावारी नेता येतं, पण चाचांच्या घरी गेले की मला वाईट वाटायचं. चाचींचे गुडघे गेलेत. दुपारभर त्या ओटीवरच्या झोपाळ्यावर बसतात आणि चहा ठेवायला शेजारी रंगाचा रिकामा डबा, तोही उपडा. कप घ्यायला वाकल्या की गुडघ्यातून कळ निघते. मुंबईच्या निम्म्या बंगल्यांत चाचांची टेबलं आणि घरात हा डबा! मी चाचांना किती वेळा बोलले. ही ऑर्डर झाली की तिचंच टेबल, हे त्यांचं ठरलेलं उत्तर. चाचींना ते पाठ होतं. त्या हसायच्या, पण मनातून दुखावल्या होत्या.

*

गेल्या हिवाळ्यात एका अनोळखी नंबरवरून व्हॉट्सअपवर ऑर्डर आली. डीपीला गुलाबाचं फूल. पाठवणाऱ्या बाई पत्ता नंतर कळवणार होत्या. पण अटी अशा, की चाचा हैराण झाले. उतार अजिबात नको, आमच्या घरात दर्या येत नाही. कडा गोल हवी, ओढणी अडकते. बसल्या जागी न वाकता हात पोचला पाहिजे. आणि शेवटची अट मी दोनदा वाचून दाखवली. पाय कापताना मिस्त्रींनी चारच्या चहाला उठू नये, उठून आले की चौथा पाय आखूड करतात.

ते शंभर टक्के खरं होतं. चाचांनी शेडच्या छपराकडे बघितलं.

"या मॅडमनं इथं कॅमेरा लावलाय काय?"

मंदाताई फडक्यात तोंड खुपसून हसू दाबत राहिल्या.

त्या दिवशी चाचा चहाला उठले नाहीत. आणि संध्याकाळी त्यांनी स्वतःच्या हातानं खिळ्यावरची पाणसळ काढली.

*

टेबल पोचवायला चाचा हट्टानं टेम्पोत बसले. या मॅडमला एकदा बघायचंच होतं. फोनवर आलेल्या लोकेशनप्रमाणे आम्ही निघालो. मशिदीपाशी डावीकडे वळलो तेव्हा चाचा म्हणाले, नकाशा चुकतोय. बोरीच्या झाडापाशी उजवीकडे वळलो तेव्हा ते काहीच म्हणाले नाहीत.

ओटीवर चाची झोपाळ्यावर बसल्या होत्या. शेजारचा डबा हलवून जागा झाडून ठेवलेली. पाठीमागे त्यांची पनवेलची मुलगी फोन घेऊन उभी.

चाचांनी टेबल एकट्यानं उतरवलं, झोपाळ्याशेजारी ठेवलं आणि खिशातून पाणसळ काढून त्यावर धरली. चाचींनी काठोकाठ भरलेला कप टेबलावर ठेवला. आम्ही सगळे कपाकडे बघत राहिलो. चहा हलला नाही. चाचींनी न वाकता हात पुढे केला, कप उचलला आणि एक घोट घेतला.

चाचांनी डोक्यावरची टोपी नीट केली.

"मॅडम, काय तक्रार हाय?"

"सध्या न्हाय," चाची म्हणाल्या. "नंबर हाय माझ्याकडं."