पिसाचे एक वर्ष

फ्लोरेन्सच्या चांभाराचा मुलगा नेरी कांबीनी याने १७४१ साली एका निबंधात पिसाच्या मठातील एक जुनी सनद बनावट ठरवली. सनदेवर जून ११८८ ही तारीख होती आणि तिचा साक्षीदार ११८७ च्या शरदातच वारला होता. या निबंधावर त्याला विद्वत्सभेत जागा मिळणार होती. वाचनापूर्वी मूळ सनद पाहावी म्हणून तो पिसाला गेला. त्याचा मुद्दा ऐकून तेथील वृद्ध दप्तरदार फादर उगोलिनो हसले.

“बाळा, पिसात वर्ष तुमच्यापेक्षा वर्षभर आधी लागतं. आमचा अठ्ठ्याऐंशीचा जून म्हणजे तुमचा सत्त्याऐंशीचा. तेव्हा हा साक्षीदार चांगला खाऊनपिऊन सुखी होता.”

“हे मला कुणी सांगितलं नाही, फादर.”

“तू विचारलंस कुणाला? फ्लोरेन्सवाल्यांना वाटतं, सूर्यही त्यांना विचारून उगवतो.”

सभेपुढे नेरीने निबंध वाचला नाही; आपली चूक कशी झाली, तेवढेच क्रमवार मांडले. जागा दुसऱ्याला मिळाल्याची नोंद इतिवृत्तात आहे. नेरीला वाईट वाटले का, याला पुरावा नाही. पुढच्याच महिन्यात तो पिसाच्या उरलेल्या सनदा तपासायला आला, हे मात्र मठाच्या पाहुण्यांच्या वहीत त्याच्याच अक्षरात आहे.